मधली कॅप

नको, हाक मारू नकोस त्याला. झोपलाय वर. जेवण झालं की तासभर पडतो हल्ली — हल्ली म्हणजे काय, तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला आडवं केलंत तेव्हापासून. बस. त्या स्टुलावर नको, तिथे एर्मेस बसतो. खोक्यावर बस. तुझं इंजिन मी सकाळीच घोडीवर उलटं टांगलंय, खालचं तेलाचं चेंबर काढून ठेवलंय, आणि आता तुझ्यासमोर कॅपा सोडवणार आहे. कॉफी? नाही, कॉफी नाही मिळायची. कॉफी तू चौकातल्या बारमध्ये पी, तिथे कॉफीबरोबर तुला बोलायलाही सुचतं.

मी का सोडवणार म्हणजे? मग कोण सोडवणार, नेव्हिओ? आमच्या लग्नात तू एर्मेसच्या शेजारी उभा होतास, अंगठ्या तुझ्याच खिशात होत्या, म्हणजे मी ह्या घरात कधीपासून आहे ते तुला ठाऊक आहे. वर स्वयंपाकघर, खाली वर्कशॉप, मध्ये एक जिना. इतकी वर्षं तो जिना चढते-उतरते आहे. पाना कुठल्या बाजूला फिरवला की बोल्ट सुटतो एवढं कळतं मला. आणि तसं नसतं तरी आज मीच सोडवला असता. दिवा जरा इकडे कर. तुझ्याकडे नाही, इंजिनाकडे.

हे बघ, आधी काय झालं ते नीट मांडू, म्हणजे नंतर तू म्हणायला नको की डिआना रागाने बोलत होती. रागाने बोलतेच आहे मी, पण मांडते नीट. घाटातली शर्यत होती, रविवार होता, आणि सरावाच्या फेरीतच, कुंपणाच्या त्या मोठ्या वळणाच्या आधी, तुझं इंजिन जाम झालं. ठीक आहे. होतात इंजिनं जाम. शर्यतीचं इंजिन आहे ते, शिवणयंत्र नाही. गाडी तू खालच्या रस्त्यावरच्या गॅरेजवाल्या वान्नीकडे ओढत नेलीस. त्याने खालून चेंबर काढलं, दिवा लावला, आणि त्याला दिसलं की पाचपैकी मधली कॅप उलटी बसलीय. त्याने हात लावला नाही, चेंबर परत लावून टाकलं आणि तुला म्हणाला, एर्मेस मेस्त्रींचं काम आहे, मेस्त्रींकडेच ने. बरोबर? मी त्याला फोन करून विचारलंय. वान्नी खोटं बोलत नाही, त्याला तेवढी कल्पनाशक्तीच नाही. आणि मग तू काय केलंस? माझ्या नवऱ्याकडे आलास? नाही. सरळ चौकात गेलास, बारमध्ये भर गर्दीत, आणि म्हणालास — मला शब्दन् शब्द सांगितलाय, तिथे बायकाही असतात हे तुम्ही पुरुष नेहमी विसरता — म्हणालास, ‘एर्मेसचे हात गेले रे. कॅप उलटी लावली त्याने. मी काही मनात ठेवत नाही, ह्या वयात होतं असं.’ मनात ठेवत नाही. मोठ्या मनाचा तू.

आणि एर्मेस तिथे होता. काचेच्या दाराजवळ उभा होता. तो काय म्हणाला — थांब, त्याच्याकडे मी नंतर येते. तिथे आत्ताच गेले तर हा पाना माझ्या हातून भलतीकडे जाईल.

कॅप उलटी लावणं म्हणजे काय, माहितीये तुला? माहितीये, तरी ऐक. तू गाड्या चालवतोस आणि डुकराच्या मांडीचं हॅम सुकवतोस, दोन्ही चांगलं करतोस, मी कधी नाही म्हटलं नाही. पण ह्या टेबलापाशी काय होतं ते तू फक्त दारातून पाहिलंस. क्रँक, म्हणजे हा इंजिनाचा मुख्य आस, ह्या ब्लॉकमध्ये आडवा झोपतो आणि ह्या पाच पोलादी कॅपा त्याला धरून ठेवतात. अर्धं भोक ब्लॉकमध्ये, अर्धं कॅपमध्ये. एर्मेस त्या कॅपा बाजारातून आणत नाही, पोलादाच्या सळईतून त्या कोपऱ्यातल्या मशीनवर स्वतः कापतो. मग त्या ब्लॉकवर आवळतो, पूर्ण ताकदीने, जशा शेवटी आवळायच्या तशाच — आणि मग पाचही भोकं एकाच दांड्याने, एकाच दमात आरपार कापतो. त्या दिवशी तो कोणाशी बोलत नाही. मी वरून नळसुद्धा सोडत नाही. म्हणजे ब्लॉक आणि कॅप वेगळे उरतच नाहीत, कळलं? ह्या कॅपची जागा हीच आणि तोंड ह्याच बाजूला. फिरवून लावलीस तर बसते. बसते ना, बोल्टही लागतात, डोळ्याला काही दिसत नाही. पण दोन अर्धी भोकं केसाच्या दहाव्या भागाने एकमेकांना चुकतात, आणि तेवढं चुकलं की तेलाचा पापुद्रा टिकत नाही, आणि मग हे — हे बघ, बघ ह्या बेअरिंगकडे. त्याच्या कडीची अशी पत्र्यासारखी लांब जीभ कॅपच्या फटीतून बाहेर आलीय. काळी पडलीय. तू ऐटीत पाय दाबत होतास तेव्हा हे इथे असं जळत होतं.

म्हणून प्रत्येक कॅपवर आकडा ठोकलेला असतो, आणि पाचही आकडे एकाच बाजूला. डावीकडे. हे बघ, एक, दोन — चार, पाच. आणि तीन उजवीकडे. म्हणजे तू आणि वान्नी खरं बोललात. कॅप उलटी आहे. त्यात वादच नाही. प्रश्न एवढाच आहे की कोणी केली.

उठू नकोस. अजून सोडवलीसुद्धा नाही मी.

हे बोल्टांवरचे लाल पट्टे बघ. बोल्ट शेवटचा आवळला की त्याच्या डोक्यावरून खाली कॅपपर्यंत एक रेघ ओढायची. बोल्ट जरा हलला की रेघ तुटते. सगळेच करतात असं, पूर्वी एर्मेस पांढऱ्या रंगाने करायचा, मग काही वर्षांपूर्वी लाल झालं. बारमध्ये कोणीतरी विचारलंही होतं त्याला, मेस्त्री, लाल का, तर म्हणाला काळ्या तेलात लाल बरा दिसतो. तूही होतास तेव्हा. हसला होतात सगळे. आता ही बाटली बघ. ह्या बाटलीत काय आहे ते तुझ्या बायकोला विचार, तिच्याही कपाटात असेल. नखांचा रंग काढायचं औषध. हा कापूस. हा पहिल्या कॅपचा बोल्ट — पुसला. कापूस बघ. चेरीसारखा लाल. हा दुसरीचा. लाल. चौथी, पाचवी. लाल, लाल. आता ही मधली, तुझी उलटी. घे, तूच पूस. घे म्हणते ना. दाब जरा. अजून.

दाखव कापूस.

नुसता काळा, तेलाचा. लाल काहीच नाही. रेघ जिथल्या तिथे. कारण तो नखांचा रंग नाहीच, नेव्हिओ. तो लोखंडाला लावायचा रंग आहे. आणि असा लाल, जरा विटकरी, मी कुठे पाहिलाय सांगू? तुझ्या फाटकावर. वसंतात रंगवलंस ना फाटक? सुरेख झालंय. बाजारातून येताना दर वेळी मला दिसतं. उरलेला डबा शेडमध्ये असेलच. जुनी रेघ तू पात्याने खरवडलीस — हे ओरखडे, दिवा धर, हे — आणि तिच्या जागी फाटकाचा रंग लावलास. रेघ अगदी सरळ काढलीस हं. हॅमवर चरबी लावतोस तशी, मन लावून.

काय? फक्त बघत होतास?

हो, हो, फक्त बघत होतास. बघायला उघडलंस आणि परत लावलंस. गाडीखाली उताणा झोपलास, तोंडावर दिवा, आणि उताण्या माणसाचं डावं-उजवं बदलतं हे तुझ्या लक्षात आलं नाही. इथे ब्लॉक घोडीवर असतो, आपण त्याच्यासमोर उभे असतो. तू खालून बघितलंस आणि आकडा तुझ्या डाव्या हाताला ठेवलास. बाकीच्या चारांचे आकडे तेलात माखलेले, ते पुसून बघायचंही सुचलं नाही तुला. अगदी काळजीपूर्वक चुकलास. मी समजू शकते. देवाशप्पथ सांगते, तेवढं मी समजू शकते. इथे येऊन तू म्हणाला असतास की डिआना, मी गाढवपणा केला, तर मी तुला शिव्या घातल्या असत्या आणि खाऊ घातलं असतं. पण वान्नीने दिवा लावून ‘मधली उलटी आहे’ म्हटलं, त्या क्षणी तुला कळलं. कळलं की नाही? त्याच क्षणी. आणि तिथून चौकापर्यंत आलास तेवढ्या वेळात तू ठरवलंस की एर्मेसचे हात.

पण उघडलंस का? मला एवढं सांग. इंजिन गरम होत नव्हतं, तेल गळत नव्हतं, उन्हाळाभर घाटावर पाखरासारखं गेलं. का उघडलंस?

कप.

हं. कप थरथरला. सणाच्या दिवशी, चौकात, त्याने कॉफीचा कप बशीत ठेवला तेव्हा वाजला, आणि तू ऐकलंस. आणि तुझ्या मनात आलं की ह्या हातांनी माझं इंजिन जोडलंय. लहानपणापासूनचा मित्र. त्याला विचारलं नाहीस, एर्मेस, तुला काय होतंय. घरी गेलास आणि गाडीखाली झोपलास. त्याच्या हातावर विश्वास नव्हता म्हणून स्वतःच्या हाताने बघितलंस, आणि बघता बघता मोडलंस. आणि आत काय दिसलं तुला, तेही सांग ना. कॅप काढलीस तेव्हा बेअरिंग कसं होतं? आरशासारखं होतं. माहितीये मला. तोंड दिसत असेल त्यात तुझं. तेव्हा तरी लाज वाटायची.

का बघतोयस असा त्या बाटलीकडे?

हां. आता आलं लक्षात. आता तुझ्या डोक्यात चाललंय की मेस्त्री नखांचा रंग कशाला वापरेल. विचार. विचार ना, बोलायची तर भारी हौस आहे तुला. — मला कळत होतं की ही बाटली काढली की हे येणार. सकाळपासून कळत होतं. कापूस हातात घेऊन मी जिन्यात बसले होते. दुसऱ्या कशाने दाखवता आलं असतं का, विचार केला मी. नसतं आलं. तू म्हणाला असतास रंग तो रंग, एर्मेसनेच ओढला. म्हणजे त्याचं नाव धुवायचं तर मला माझंच नाव सांगायला लागतं, आणि माझं सांगितलं की त्याचं — जाऊ दे. तो रंग माझा आहे. माझ्या नखांचा. ही बघ नखं. तोच रंग, तीच बाटली. हे इंजिन मी जोडलंय, नेव्हिओ. ह्याच्या आधीचंही. तुझं गेल्या खेपेचं, ज्याने तू वरच्या गावातला तो करंडक जिंकलास आणि एर्मेसला खांद्यावर घेऊन नाचलास, तेही.

बंद कर तोंड. माशी जाईल.

कंपवात आहे त्याला. झालं, बोलले. चार वर्षं झाली असतील डॉक्टरीणबाईने सांगून, आणि त्याआधीही होताच. पत्ते का सोडले वाटलं तुला? डोळे दुखतात म्हणून? कापणं त्याला अजून जमतं, कारण मशीनच्या चाकाला हात लावला की हात थांबतात. खरंच थांबतात, तिचं ते लोखंडी चाक त्याला धरून ठेवतं, मी पाहिलंय, आणि पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्या मशीनचा हेवा वाटला, हस हवं तर. पण जोडताना धरायला काही नसतं. बेअरिंगची अर्धी कडी दोन बोटांत घेऊन जागेवर सरकवायची, तिला ओरखडा जाता कामा नये, घामाचा ठसा जाता कामा नये. एकदा त्याच्या हातून कडी पडली. मग दुसरी पडली. तो हात मांड्यांमध्ये दाबून त्या स्टुलावर बसला — म्हणून म्हटलं तिथे बसू नकोस. मी जेवायला बोलवायला खाली आले होते. हात धुतले आणि तिसरी कडी मी लावली. बस. असं सुरू झालं. कोणी काही ठरवलं नाही.

तुला काय वाटतं, बायकांना बोटं नसतात? लग्नाआधी कार्पी गावातल्या स्वेटरच्या कारखान्यात मी गळे जोडायची. लोकरीचा एकेक टाका एकेका सुईवर चढवायचा, केसाएवढ्या सुया, गोल फिरणारं यंत्र, एक टाका चुकला की स्वेटर महिन्याभराने गळ्यापाशी उसवतो आणि कोणाला कळतसुद्धा नाही का. तिथून आलेली मी. मला बेअरिंगची कडी काय भीती दाखवणार? तो स्टुलावर बसून सांगायचा, मी करायची. ब्लॉक गरम पाण्याने धुवायचा, तेलाच्या वाटा ब्रशने पुसायच्या, एकदा, परत एकदा, पांढरा कपडा पांढरा निघेपर्यंत. कडी कोरडी, पाठीमागे तेल नाही. पुढून तेल, बोटाने. क्रँक खाली सोडायचा तो श्वास धरून. मग कॅपा, मधलीपासून बाहेर, हो, मधलीपासून, सगळ्यात आधी ह्या तीन नंबरला मी हात लावते. तीन खेपांत आवळायच्या, थोडं, अजून थोडं, मग टॉर्क पान्याचा तो टक् आवाज. आणि प्रत्येक कॅप आवळली की क्रँक फिरवून बघायचा. आधी तो सांगायचा. मग तो नुसता बसायचा. आता तो फक्त ऐकतो — मी शेवटी क्रँक करंगळीने ढकलते, करंगळीने, आणि सोडते, आणि तो आवाज न करता फिरत जातो आणि आपोआप, हळूच थांबतो, आणि एर्मेस म्हणतो ‘हं’. एवढंच. त्याचा ‘हं’ झाला की मी रेघा ओढते. पांढरा रंग वाळून गेला होता पहिल्या वेळी, पर्समध्ये ही बाटली होती, तेव्हापासून हीच.

आणि तिकडे बारमध्ये तुम्ही सगळे, मेस्त्रींचे हात, मेस्त्रींचे हात. नाताळला आक्रोडाच्या दारूच्या बाटल्या, ‘सोन्याच्या हातांसाठी’ लिहिलेल्या चिठ्ठ्या लावून. तूच पाठवलीस एक. मी ओतली त्याला. मला राग नव्हता. नव्हता असं मी मला सांगत होते. माणसाकडून अर्धं काम गेलं, निदान नाव तरी त्याच्यापाशी राहू दे, मी काय त्या चौकात जाऊन सांगणार की ते मी केलं? पण कधीकधी, नेव्हिओ, तुमची इंजिनं घाटावरून जाताना मी रस्त्याच्या कडेला बायकांबरोबर उभी असते, हातात पाव-चीजची टोपली, आणि आवाज ओळखते. हे माझं. हेही माझं. आणि शेजारची मला विचारते, कंटाळा नाही येत गं तुला ह्या गडगडाटाचा. — हे का सांगतेय मी तुला? तुझा काय संबंध. पाना दे तो. मोठा नाही, तो.

आता त्या दिवसाचं ऐक, जिथे मी थांबले होते. तू बारमध्ये म्हणालास, एर्मेसचे हात गेले. आणि तो काय म्हणाला? ‘हो. माझाच हात. आणून दे, मी नीट करून देतो.’ असंच ना? सगळ्यांसमोर. चार वर्षं जे मी झाकलं — कप धुवून ठेवायची मी त्याच्याआधी, कोणाच्या घरी सूप देतील तिथे जायचंच नाही, शर्टाला बटणांऐवजी टिचबटणं लावली मी, का ते कोणाला कळू दिलं नाही — ते त्याने एका वाक्यात चौकात मांडून टाकलं. घरी आला. जेवायला बसलो. मी म्हटलं, काय रे झालं, चेहरा का असा? तर म्हणाला, नेव्हिओच्या इंजिनात मधली कॅप उलटी निघाली. मी सांगितलं माझी चूक. तू काळजी करू नकोस. — आणि माझ्याकडे बघितलं नाही त्याने. ताटात बघत होता.

कळलं तुला? नाही कळलं. त्याला वाटलं मी केलं.

त्याला माहीत होतं की त्याने ती कॅप लावली नाही. लावली मी. मग उलटी लावली कोणी? मीच. दुसरं कोण? त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. वाटी पुढे केली, चीज घे म्हणाला. मला वाचवायला त्याने आपले हात गावाला देऊन टाकले, नेव्हिओ, आणि मी त्याच्यासमोर बसून ते जेवले. आणि मी म्हणू शकले नाही की मी नाही केलं. कारण मला काय माहीत? मी तर डोळे मिटून पाचही कॅपा परत परत लावत होते, मनात, कपडे वाळत घालताना, चर्चमध्ये मासला उभी असताना. आकडा डावीकडे होता. होता ना? मला दिसतो डावीकडे. पण दिसतो म्हणून असतो का? मी स्वयंपाकघरात चमचे मोजायला लागले. गॅस बंद केला का ते परत वर जाऊन बघायला लागले. तिकडे त्या कापडाखाली बोलोन्याच्या त्या माणसाचं इंजिन पडलंय, हात लावलेला नाही मी. परवा एर्मेस म्हणाला, त्याला फोन करून सांगतो, दुसरीकडे ने. आणि मी म्हटलं, सांग. वर्कशॉप बंद करायचं असं ठरलंय आमचं. ठरलंय म्हणजे, तो काही बोलला नाही आणि मीही काही बोलले नाही, तसं ठरलंय. त्याने ती मोठी मशीन झाकली. आता त्याचे हात कुठेच थांबत नाहीत.

तुझ्या एका फाटकाच्या डब्याने.

रडू नकोस. माझ्यासमोर तर मुळीच नको, मला अजून राग काढायचा आहे आणि तू रडलास की माझा वेळ जातो. नाक पूस. त्या कपड्याने नको, तो इंजिनाचा आहे.

हे बघ, मी सकाळपासून ठरवलं होतं, तुला चौकात पाठवायचं. बारमध्ये, भर गर्दीच्या वेळी, काउंटरपाशी उभं राहून बोल की मी उघडलं, मी उलटी लावली, मी रंग लावला. पाठ करून घेणार होते तुझ्याकडून. आता नको. चौक गेला खड्ड्यात. बारमध्ये काय सांगायचं, किती सांगायचं, माझ्या नखांचं सांगायचं का नाही, ते तो ठरवेल. नाही — तो आणि मी ठरवू. तू नाही. तुझ्या तोंडून एक शब्द आमच्याआधी बाहेर पडला तर पुढच्या खेपेला घाटावर तू बैलगाडी घेऊन जा.

ह्या खेपेचं? शेवटच्या शर्यतीपर्यंत होईल का? तू मला आत्ता हे विचारतोयस. — क्रँक घासला गेलाय, तो परत घासून घ्यावा लागेल, ब्लॉकला बहुतेक काही झालं नाही, परत तपासावा लागेल. तेवढं त्याला मशीन उघडायला लावेल. लावेल बहुतेक. पण ते मी तुला आत्ता सांगत नाही. आधी वर जायचं.

थांब, ही सोडवते. बघ किती आवळलंय, अंगाचा जोर लावून, जसा काही हॅम बांधायच्या दोरीचा पिळा. निघाली. घे. धर हातात. जड आहे ना? त्याच्या मशीनवरची आहे, कड बघ, बोट लावलं तर वाटत नाही की पोलाद आहे. त्यावरचा फाटकाचा रंग तसाच राहू दे, पुसू नकोस. ही घेऊन वर जा. दार उघडंच आहे, तो जागाच असेल, आपण एवढं बोलतोय. आणि त्याला सांग, कोणी उलटी लावली. माझ्याबद्दल काही बोलू नकोस, मला माफ कर वगैरे त्याच्यासमोर करू नकोस. एवढंच सांग, की ती नव्हती. डिआना नव्हती, मी होतो. मग कॅप त्याच्या हातात दे. आणि त्याचे हात थरथरले तर पुढे होऊन धरायला जाऊ नकोस. पडली तर पडू दे, फरशी माझी आहे.

जा.